कुणाला उजाडले? : संधिप्रकाशाच्या मराठी शब्दांविषयी

१

लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सिद्धान्त आज विद्वान स्वीकारीत नाहीत. परंतु ज्या प्रश्नातून तो सिद्धान्त निघाला तो प्रश्न अद्याप विचार करण्याजोगा आहे, कारण मुळात तो वाचनाचा प्रश्न आहे. ऋग्वेदात उषेला उद्देशून सुमारे २० सूक्ते आहेत. त्यांत तिचा उल्लेख कधी एकवचनी, तर कधी अनेकवचनी येतो. पहिला उजेड दिसणे आणि सूर्य उगवणे यांच्या दरम्यान पुष्कळ दिवस लोटले असा अर्थ ज्यांतून काढता येईल अशी वचनेही त्यांत आहेत. तैत्तिरीय संहितेत तीस उषाभगिनींचा उल्लेख येतो, आणि सूर्योदयापूर्वी हजार ऋचांचे आश्विनशस्त्र म्हणून पुरे करावे असे ब्राह्मणग्रंथ सांगतात. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या टिळकांसारख्या वाचकाला हे सारे खटकले. येथे पहाट फुटते आणि पाहता पाहता ऊन अंगणात येते. एवढ्याशा पहाटेसाठी एवढी वाणी कशाला खर्ची पडावी? टिळकांचे उत्तर असे की ती पहाट एवढीशी नव्हतीच. जेथे पहाट कित्येक आठवडे टिकते अशा ध्रुवप्रदेशात ती सूक्ते रचणाऱ्यांचे पूर्वज राहत असले पाहिजेत.

या अनुमानाच्या तळाशी भाषेविषयीचे एक गृहीत आहे. जी वस्तू विपुल, तिला शब्द विपुल. आणि उलट, जेथे शब्द विपुल दिसतील तेथे ती वस्तूही विपुल असली पाहिजे. एस्किमोंच्या भाषेतील बर्फाच्या शब्दांची प्रसिद्ध कथा याच गृहीतावर वाढली. फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये चार शब्दांचे साधे उदाहरण दिले होते. पुढे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाताना ती संख्या कशी फुगत गेली हे लॉरा मार्टिन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. तरीही हे गृहीत सहसा सुटत नाही, कारण ते सोयीचे असते. भाषा म्हणजे भोवतालच्या वस्तूंची यादी, आणि अभ्यासकाने करावयाचे ते त्या यादीतील नोंदींची मोजदाद, असे त्यातून सुचविले जाते.

दोन उजेडांच्या संधीवरचे मराठी शब्द या गृहीताची चांगली परीक्षा घेतात. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असल्यापासून तो उगवेपर्यंत ऋतुमानानुसार बावीस ते चोवीस मिनिटे लागतात. खगोलशास्त्रात यास नागरी संधिप्रकाश म्हणतात. बारा अंशांपर्यंतचा तो नाविक आणि अठरा अंशांपर्यंतचा तो खगोलीय. लंडनमध्ये जूनच्या अखेरीस नागरी संधिप्रकाशच पाऊण तासाच्या आसपास टिकतो, आणि रात्रभर सूर्य अठरा अंशांखाली जातच नाही. उजेडाच्या लांबीवर शब्दांची संख्या ठरत असती तर या बाबतीत मराठी ही दरिद्री भाषा ठरावयास हवी होती. वस्तुस्थिती तशी नाही. मग या बावीस मिनिटांत मराठी भाषकाने एवढे शब्द कशासाठी साठवून ठेवले?

२

ग्रामीण बोलीतील सकाळ पायरीपायरीने येते. कोंबडा आरवतो, शुक्राची चांदणी वर येते, पहाट होते. मग झुंजुमुंजू होते. या नादानुकारी शब्दात अंधार-उजेडाची झुंज ऐकू आल्यावाचून राहत नाही. मग तांबडं फुटतं, फटफटतं, उजाडतं, आणि पुढे दिवस कासराभर वर येतो. कासरा म्हणजे बैलाचा दोर. आकाशातील अंतर येथे गोठ्यातील वस्तूने मोजले जाते. ज्याच्या हातात त्या वेळी कासरा असतो त्याचेच हे माप आहे, अंथरुणात पडलेल्या माणसाला ते सुचणार नाही.

संध्याकाळची चाल वेगळी आहे. उन्हं कलतात, दिवस बुडतो, कडुसं पडतं, सांजावतं. इथपर्यंत डोळा उजेडाकडे लागलेला असतो. पुढच्या शब्दांत मात्र उजेड जवळजवळ नाहीच. गोरज म्हणजे घरी परतणाऱ्या गाईंच्या खुरांची धूळ. दिवेलागण हे तर कामाचेच नाव आहे. तिन्हीसांजा ही पाळावयाची वेळ आहे. ‘करकरीत’ हे विशेषण तिला जोडले जाते ते बजावण्यासाठी, वर्णनासाठी नव्हे. आणि कातरवेळ हे मनाच्या अवस्थेचे नाव आहे. त्यात कात्रीच्या दोन पात्यांमधली फट ऐकावी की संस्कृतातील ‘कातर’ म्हणजे भयभीत हा अर्थ ऐकावा, हे मराठी कानाने कधी ठरविले नाही, आणि दोन्ही ऐकण्याने त्याचे काही अडले नाही.

स्थूलमानाने असे म्हणता येईल की मराठीत सकाळचा संधिप्रकाश घडतो आणि संध्याकाळचा पाळला जातो. सकाळकडे क्रियापदे अधिक आहेत, संध्याकाळकडे नियम अधिक आहेत. ही विषमता ‘संध्या’ या शब्दाच्या इतिहासातच दिसते. संस्कृतात संध्या म्हणजे सांधा, आणि तो दोन्हीकडचा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत संध्येच्या लक्षणांना एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. सूर्यबिंब अर्धे मावळल्यापासून तारे स्पष्ट दिसेपर्यंतची ती संध्या, अशी नेमकी व्याख्या तेथे केली आहे. धर्मशास्त्र मध्यान्हीची धरून तीन संध्या मानते. मराठीने ‘त्रिसंध्ये’तून तिन्हीसांजा घेतल्या आणि त्या तिन्ही एकाच दाराशी, संध्याकाळच्या दाराशी, आणून उभ्या केल्या. संध्याकाळ हा शब्दही तसाच एकाच बाजूला कलला. ‘सकाळची संध्या’ आता उरली ती पळी-पंचपात्रात. उजेडाचे नाव म्हणून ती गेली.

संगीताच्या शास्त्राने ही समतोल रचना राखली, हे येथे ताडून पाहण्यासारखे आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या रागव्यवस्थेत संधिप्रकाश रागांचा एक वर्ग आहे. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार ही त्याची खूण, आणि तो सकाळ व सायंकाळ दोहोंना लागू. भैरव थाट आणि पूर्वी थाट शेजारी ठेवले तर फक्त एक स्वर बदलतो. मध्यम शुद्ध असेल तर सकाळ, तीव्र असेल तर संध्याकाळ. दोन काळांमधील भेद एका स्वरावर आणून ठेवणारी ही व्यवस्था सोस्यूरच्या अभ्यासकाला तत्काळ ओळखीची वाटेल. तिच्यात स्वराला मूल्य येते ते भेदातून. बोलीभाषेतील शब्दांना मात्र एवढे पुरत नाही. दिवेलागण आणि झुंजुमुंजू यांतील फरक एका घटकाच्या बदलाने सांगता येत नाही, कारण त्या दोन शब्दांच्या मागे दोन वेगळी कामे आणि कधी कधी दोन वेगळी माणसे उभी असतात.

पहाटेच्या कामांची यादी मोठी आहे: जाते, मोट, पाणी, शेणगोठा. पंढरपूरला काकडआरती, दारात मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव. यांपैकी जात्याने भाषेला काय दिले याचा अंदाज हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहावरून येतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रकाशित होऊ लागल्या. उजाडण्याआधी पीठ तयार पाहिजे, म्हणून उठलेल्या बाईने अंधारात केलेली ही रचना आहे. संध्याकाळची यादी बहुतांशी नकाराची आहे. तिन्हीसांजेला झोपू नये, उंबऱ्यावर बसू नये, केस विंचरू नयेत, केर काढून बाहेर टाकू नये, मीठ आणि दही घराबाहेर देऊ नये.

अशा निषेधांचा उलगडा करण्यासाठी मेरी डग्लस यांच्या ‘प्युरिटी अँड डेंजर’ (१९६६) या ग्रंथाचा आधार घेतला जातो. जे कोणत्याच कप्प्यात बसत नाही ते समाजाला धोक्याचे वाटते. दिवसही नव्हे आणि रात्रही नव्हे अशा वेळी उंबऱ्यावर हिरण्यकशिपूला मारणारा नरसिंह हे त्याचे मराठी वाचकाला ठाऊक असलेले उदाहरण. हा उलगडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सीमा भयप्रद का, हे तो सांगतो. तथापि या भयाचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी केर, केस, मीठ, दही आणि दिवा हाताळणाऱ्या हातांवरच का पडावी, हे तो सांगत नाही. नरसिंहाच्या कथेत उंबरा देवाचा असतो. रोजच्या तिन्हीसांजेला तो घरातल्या बाईचा असतो.

३

या प्रश्नापाशी एक अनुवादिका वेगळ्या वाटेने आली. ती जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात मराठी शिकवीत असे, आणि माणदेशातील बोलीत लिहिलेल्या काही कथांचा इंग्रजी अनुवाद करीत होती. ‘कडुसं पडलं’ या दोन शब्दांपाशी तिचे काम थांबले. इंग्रजीतला ट्वायलाइट दोन्ही टोकांना चालतो, म्हणून तो येथे चालेना. डस्क चालला असता, परंतु मूळ वाक्यात कुणीतरी घाईने मेंढरे आवरीत होते आणि डस्क घाई करीत नाही. शब्द शोधण्याचा हा प्रश्न नसून वाक्य शोधण्याचा आहे, असे तिला हळूहळू दिसू लागले.

मराठी व्याकरणात भावकर्तृक क्रियापदांचा एक छोटा वर्ग आहे. शालेय पुस्तकांत त्याची ठरलेली उदाहरणे सापडतात: उजाडणे, सांजावणे, गडगडणे, मळमळणे, कळमळणे. या क्रियापदांना वेगळा कर्ता नसतो. क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता मानला जातो. अनुवादिका हा भाग वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आली होती, आणि मुले दरवर्षी ‘मळमळणे’ या शब्दाला हसत. पण या यादीत उजेड-अंधार आणि पोटातील अस्वस्थता शेजारी का बसतात, याचा विचार तिने अनुवादाच्या टेबलापाशी केला. या साऱ्या घटना कुणी करीत नाही. त्या कुणाला तरी होतात. ‘मला मळमळते’ म्हणता येते तसेच ‘मला वाटेतच उजाडले’, ‘आम्हांला गाव गाठेपर्यंत सांजावले’ असेही म्हणता येते. उजाडणे ही आकाशातील घटना खरी. पण मराठी वाक्य तिला चतुर्थीच्या अर्थाची एक जागा देऊन ठेवते. ‘मला’, ‘त्याला’, ‘बाईला’. ती जागा पुष्कळदा रिकामी असते, परंतु मोडीत निघालेली नसते.

संधिप्रकाश या तत्सम शब्दात ही जागा नाही. ‘संधिप्रकाश पसरला’ म्हणता येते, ‘मला संधिप्रकाश झाला’ म्हणता येत नाही. त्याला पाहणारा लागतो, आणि तो पाहणारा दूर उभा असतो. हा शब्द दोन्ही टोकांना चालतो, शास्त्राला सोयीचा आहे, संगीताला उपयोगी आहे, कवितेतही तो रुळला आहे. तथापि त्याच्या समतोलाची किंमत काय, हे ध्यानी घ्यावयास हवे. उजेड ही एक दृश्य वस्तू झाली, आणि ती ज्याच्यावर गुदरते तो माणूस वाक्यातून बाहेर पडला.

४

ही रिकामी जागा कोण भरतो, हे पाहिले की शब्दांचा इतिहास निव्वळ भाषेचा राहत नाही. गो. स. घुर्ये यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) मध्ये पेशवाईतील पुण्याविषयी एक नोंद केली आहे. महार आणि मांग यांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ पूर्वी शहराच्या वेशींच्या आत राहण्यास मनाई होती, कारण त्या वेळात त्यांच्या देहाची सावली फार लांब पडे. हा काळ संधिप्रकाशाच्या अलीकडे-पलीकडे बराच पसरला आहे. परंतु नियमाचे मूळ उजेडाच्या त्याच तिरपेपणात आहे, ज्याला मराठी कवितेने पुढे सोनेरी, केशरी अशी विशेषणे दिली. दिवस कलू लागला की शनिवारवाड्याच्या परिसरात कुणाची तरी संध्याकाळ सुरू होत असेल. दुसऱ्या कुणाला ती शहराबाहेर काढीत होती. एकाच उन्हाला दोन व्याकरणे होती.

दुसरे उदाहरण इतके सर्वपरिचित आहे की त्याच्याविषयी लिहिले जात नाही. ज्या घरांना शौचालय नव्हते त्या घरांतील स्त्रियांना दिवसात दोनच वेळा बाहेर जाता येई. एक उजाडण्यापूर्वी आणि दुसरी दिवस बुडाल्यावर. चालण्यापुरता दिसावे आणि ओळखण्यापुरता दिसू नये, असा उजेड त्यांना हवा असे. तो बावीस मिनिटांचा असे. झुंजुमुंजू आणि कडुसं या शब्दांना या व्यवहारात जो नेमकेपणा होता तो कोणत्याही शब्दकोशात नोंदलेला नाही. त्या शब्दांनी घराघरांत एक वेळापत्रक चालविले आणि ते चुकल्याचा दंडही त्याच बायकांनी भरला.

कायद्याची भाषा या वेळेला ओळखीत नाही असे नव्हे. ती तिला ज्याच्या-त्याच्या कारणाने इकडे किंवा तिकडे ढकलते. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये असे ठरले. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही तरतूद कायम ठेवली. येथे संधिप्रकाश रात्रीत मोडतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाचे दिवे लावण्याची सक्ती सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू होते आणि सूर्योदयापूर्वी अर्धा तास संपते; एरवी उजेड अपुरा असेल तर गोष्ट वेगळी. येथे तोच संधिप्रकाश दिवसात मोडतो. अटक होऊ घातलेल्या स्त्रीला जी रात्र, ती गाडी चालविणाऱ्याला दिवस. यात विसंगती काही नाही. कायद्याने नकळत मराठी व्याकरणाचाच प्रश्न विचारला आहे: कुणाला?

घड्याळ हा प्रश्न विचारीत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांच्या कामाची मर्यादा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी घातली तेव्हा उजेडाची जागा आकड्याने घेतली. त्याआधीच, १९०६ मध्ये, भारतीय प्रमाणवेळ आली होती. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती, आणि शहराने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत या ना त्या रूपात धरून ठेवली. हा वाद सहसा अभिमानाचा म्हणून सांगितला जातो. तो उजेडाचाही होता. आज नागपुरात मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी दिवस उगवतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच. या व्यवस्थेत ‘पहाट’ हा शब्द हळूहळू आकाशातून उतरला आणि आकड्यांवर बसला. वर्तमानपत्रांत अपघात पहाटे ३ वाजता घडतात, जेव्हा तांबडं फुटायला तीन तास अवकाश असतो. गोरज लग्नपत्रिकेत राहिला आहे, जेथे तो मुहूर्ताचे नाव आहे, आणि मंगल कार्यालयाच्या दारात धूळ उडते ती मोटारींची. दिव्याचे बटन दाबून क्षणभर हात जोडणारी माणसे अजून आहेत. दिवेलागण या शब्दाचा तेवढा एक निमिष शिल्लक आहे.

५

काम निघून गेले की शब्द मरतातच असे नाही. पुष्कळदा ते साहित्यात राहावयास येतात. कातरवेळ हे त्याचे ठळक उदाहरण. बालकवींच्या निसर्गकवितेपासून ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या संग्रहापर्यंत मराठी कवितेने सांजेला जे अंतर्मुख, व्याकूळ रूप दिले ते या भाषेचे मोठे धन आहे, त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो समीक्षेच्या सवयीचा. कवितेत वा कथेत सांज आली की ‘हुरहूर’, ‘एकाकीपण’, ‘मृत्यूची चाहूल’ असे अर्थ जणू सांजेच्या अंगभूतच असावेत अशा रीतीने ते वाचले जातात. ग्रामीण आणि दलित लेखनातील सांजही याच मापाने मोजली जाते, आणि त्यात हुरहूर सापडली नाही तर ती ‘निवेदनाच्या पातळीवर राहते’ असा अभिप्राय दिला जातो. वस्तुतः तेथे कडुसं पडल्यावर मेंढरे आवरावयाची असतात, वेशीबाहेर जावयाचे असते, सरपण नसते. तेथील सांज प्रतीक होण्यास नकार देते. हा नकार वाचता येणे हे अर्थनिर्णयनाचेच काम आहे.

या टप्प्यावर अनुवादिकेच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही. तिची आई ऐंशीच्या पुढे होती आणि गाव सोडून लेकीच्या फ्लॅटमध्ये राहावयास आली होती. त्या खोल्यांत नळीचा दिवा बहुधा दिवसभर चालू असे. एका दुपारी चारच्या सुमारास आई म्हणाली, “आज लई लौकर कडुसं पडलं गं बाय.” बाहेर लख्ख ऊन होते. लेकीने ते वाक्य त्याच दिवशी आपल्या वहीत उतरून घेतले; अनुवादासाठी बोलीचे नमुने ती तसे टिपीत असे. दोन दिवसांनी आईने पुन्हा तेच सांगितले, आणि आठवड्याभरात तिचे कडुसं दुपारी दोनपर्यंत अलीकडे आले. नंतर तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि एका डोळ्याला अधिक काही झाले होते, ज्याला उशीर झाला होता.

आईने काही लपविले नव्हते. ‘मला दिसत नाही’ असे ती म्हणाली नाही, कारण तिच्या भाषेत तसे म्हणण्याची गरज नव्हती. कडुसं पडतं ते कुणाला तरी पडतं, आणि ते तिला पडले होते. तिच्या वाक्यात सूर्याविषयी कोणताही दावा नव्हता. मोठ्या, शिकलेल्या भाषेत मात्र उजेड ही सर्वांची एकच वस्तू झाली आहे. घड्याळाने ती सर्वांना समान वाटली आहे. म्हणून दुपारी चार वाजता पडलेले कडुसं त्या भाषेत एकतर चूक ठरते, नाहीतर काव्य. तिसरी शक्यता, म्हणजे ते वृत्त असणे, तिच्यात बसत नाही.

त्या कथेतील वाक्याचा अनुवाद शेवटी पूर्ण झाला. अनुवादिकेने डस्क वगळला. ‘अंधार त्याच्यापर्यंत येऊन पोचला’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तिने योजिले, आणि मेंढरे आवरण्याची घाई पुढच्या वाक्यातून उचलून याच वाक्यात आणली. संपादकाने समासात विचारले की येथे वेळेचा उल्लेख स्पष्ट का नाही. तिने उत्तर लिहिले की मूळ वाक्य वेळ सांगत नाही, माणूस सांगते. एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर आईला संध्याकाळ पुन्हा संध्याकाळी होऊ लागली. दुसऱ्या डोळ्यापुरते कडुसं कायम राहिले, आणि त्याविषयी ती पुढेही त्याच शब्दात बोलत असे.

टिळकांच्या प्रश्नाकडे या वाटेने परत पाहिले तर त्याचे उत्तर बदलते. वैदिक ऋषींची पहाट किती लांब होती हे त्यांच्या शब्दांवरून मोजता येणार नाही. त्या पहाटेत त्यांना किती करावयाचे होते, हजार ऋचा म्हणून संपविण्याची त्यांना किती घाई होती, अग्नी पेटण्याविषयी त्यांना किती धाकधूक होती, याचा मात्र काही अंदाज त्या शब्दांवरून बांधता येईल. शब्दांची दाटी उजेडाची लांबी दाखवीत नाही. त्या उजेडात कुणाचे काय पणाला लागले होते, ते ती दाखविते. बावीस मिनिटांना डझनभर नावे देणारी भाषा उजेडाने श्रीमंत नव्हती; त्या मिनिटांत दळणारी, पाणी आणणारी, दिवा लावणारी, बाहेर जाऊन येणारी, वेशीबाहेर काढली जाणारी माणसे तिच्यात होती.

म्हणून असे शब्द नामशेष होत आहेत याची यादी करून हळहळणे पुरेसे नाही, आणि सर्व बाबतींत ते योग्यही नाही. जात्यावरची पहाट गेली याचे दुःख कुणी करावयाचे ते दळणारीनेच ठरवावे. उजाडण्यापूर्वी बाहेर जाण्याची सक्ती जेथे संपली तेथे एका शब्दाचा नेमकेपणा हरवला असेल, तर तो हरवलेला बरा. समीक्षेपुरते करावयाचे काम याहून लहान आणि अधिक कठीण आहे. संहितेत कोठेही उजाडले, सांजावले, कडुसं पडले असे आले की वाक्यातील ती रिकामी चतुर्थी भरून पाहावी. जेथे लेखकाने ती भरली नसेल तेथे ती कुणी भरू दिली नाही, हेही विचारावे.